विजेच्या कटौतीत प्रसूतिगृह चालू ठेवायचं तर: नवा जनरेटर घेण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या रामबागेत १८ खाटांचं प्रसूतिगृह, एक ऑपरेशन थिएटर, नवजात बाळांना ऊब देणारे ३ वॉर्मर, लसींचा एक फ्रिज. उन्हाळा लागल्यापासून दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते, कधी तासभर, कधी चार तास. हाताशी दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर आणि एक जुना १० केव्हीएचा जनरेटर (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप). दुकानदार म्हणतो जुना काढा आणि ६२.५ केव्हीएचा घ्या. भाचा म्हणतो छतावर सोलर लावा. कोणाचं ऐकावं?

तीस वर्षांहून जास्त काळ मी इंदूर, देवास, महू या भागात रुग्णालयांच्या विजेचं काम करतो आहे. माझं सांगणं असं की अजून पंधरा दिवस काहीच विकत घेऊ नका. आधी पुढचं सगळं वाचा.

लाइट एकदाच जाणं आणि रोज पाळीपाळीनं जाणं हे दोन वेगळे आजार आहेत. एकदा गेली तर साठवलेलं पुरवून वापरायचं असतं. पाळीच्या कटौतीत मात्र साठवलेलं परत भरायला वेळ मिळतो का, हे बघावं लागतं. दुकानात सगळे 'बॅकअप किती तास' एवढंच सांगतात. बॅटरी परत भरायला किती तास लागतात हे विचारलं की गप्प होतात.

तुमच्याच दोन बॅटऱ्यांचं गणित करून दाखवतो. १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेल्या), म्हणजे २४ व्होल्टवर १५० अँपिअर-तास. त्यावर वॉर्डातले दिवे, थोडे पंखे आणि मॉनिटर मिळून साधारण ४०० वॅट धरू. बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास करंट जाणार. चार तास लाइट गेली की ८० गेले, ७० उरले. मग दोन तास लाइट आली. शिशाची बॅटरी तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं भरायची असते, म्हणजे १५ अँपिअरनं. दोन तासांत ३० आत गेले, त्यातले कामाचे पंचवीसच. झाले ९५. पुन्हा चार तास लाइट गेली की उरले १५, आणि तिथवर पोचायच्या आतच इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. तिसऱ्या खेपेला तो दोन तासही टिकत नाही. पहिल्या दिवशी सगळं छान चालतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात अंधार होतो आणि सगळे म्हणतात बॅटरी खराब निघाली. बॅटरी बिचारी ठीक असते, तिला भरायला वेळच मिळालेला नसतो. अशी दहा-पंधरा दिवस अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग मात्र ती खरोखरच खराब होते.

म्हणून बॅटऱ्या दोनाच्या चार करून प्रश्न सुटत नाही. चार्जर तोच राहिला तर भरायला दुप्पट वेळ लागणार. एक तर जनरेटर चालू असताना त्यावर बॅटऱ्या भरून घ्यायच्या, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या घ्यायच्या. त्या क्षमतेच्या निम्म्या करंटनं आरामात भरतात, म्हणजे रिकामी बॅटरी दोन-अडीच तासांत तयार. महाग आहेत, पण पाळीच्या कटौतीला याच योग्य. फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमची चार्जिंग सेटिंग असायला हवी. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडून देणारा भेटला तर त्याला नमस्कार करून परत पाठवा. आणि बॅटऱ्या कोणत्याही असोत, जिन्यावरच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवू नका. इंदूरच्या मे महिन्यात तिथं काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं.

ही पाळी येते कुठून तेही सांगतो, म्हणजे अंदाज बांधता येईल. ग्रिडवर मागणी वाढली आणि वीज कमी पडली की वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागते. ती सावरायला राज्यातल्या विजेचा ताळमेळ राखणाऱ्या जबलपूरच्या भारप्रेषण केंद्रातून भार कमी करायला सांगतात आणि फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज नेणाऱ्या लाइनी, आळीपाळीनं बंद होतात. आपल्या पिढीला हे नवं नाही. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली, आणि पुढची काही वर्षं मध्य प्रदेशानं कटौतीत काढली. २००३ ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावर लढली गेली ती उगाच नाही. ग्रिड पूर्ण कोसळणं ही निराळी गोष्ट. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, त्याची सुरुवात आपल्याच राज्यातल्या बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनपासून झाली होती. एक सर्किट कामासाठी बंद होतं, दुसऱ्यावर भार आला आणि ते ट्रिप झालं. पश्चिम ग्रिड वेगळं पडून वाचलं म्हणून इंदूर वाचलं. तशा प्रसंगाला तीन दिवसांचं डिझेल हवं. पाळीच्या कटौतीला डिझेलपेक्षा शिस्त जास्त लागते.

एक काम बिनपैशाचं आहे, ते उद्याच करा. तुमचं कनेक्शन कोणत्या ११ केव्ही फीडरवर आहे ते पोलोग्राउंडला वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन किंवा तुमच्या झोनच्या कार्यालयात विचारा. मोठी रुग्णालयं, पाण्याचे पंप असलेले फीडर शक्यतो कटौतीतून वगळतात. कधी कधी रस्त्याच्या एका बाजूला असा फीडर असतो आणि दुसऱ्या बाजूला वस्तीचा. थोडी केबल टाकून फीडर बदलून मिळाला तर लाखोंचा खर्च वाचतो. लेखी अर्ज द्या, प्रसूतिगृहाच्या नोंदणीची प्रत जोडा. लवकर होत नाही, पण मी हे झालेलं पाहिलं आहे.

आता भाराचं बोलू. आंतरराष्ट्रीय मानकात वैद्यकीय जागांसाठी अर्धा सेकंद आणि पंधरा सेकंद अशा दोन मर्यादा आहेत. थिएटरचा दिवा अर्ध्या सेकंदात परत यायला हवा, इतर बऱ्याच गोष्टी पंधरा सेकंदात आल्या तरी चालतात. हीच फूटपट्टी घेऊन तुमच्या घरात फिरा. थिएटरचा दिवा, भूल देण्याचं यंत्र, मॉनिटर, सिरिंज पंप यांना डोळा मिचकावण्याइतकाही खंड चालत नाही. यांना ३ केव्हीएचा ऑनलाइन (क्षणाचाही खंड न पडू देणारा) यूपीएस हवा, अर्धा तास टिकेल असा. घरगुती इन्व्हर्टर यांच्यासाठी वापरू नका, तो पलटी मारताना क्षणभर अंधार होतोच. वॉर्मर, सक्शन, जिन्यातले दिवे यांना जनरेटर सुरू होईपर्यंतची दहा-पंधरा सेकंदं चालतात. पाण्याचा पंप, अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, कपडे धुण्याचं यंत्र, खोल्यांचे एसी हे तास-दोन तास थांबले तर कोणाचं काही बिघडत नाही. वॉर्मर मात्र इन्व्हर्टरवर कधीही टाकू नका. एक वॉर्मर ६००-७०० वॅट ओढतो, तीन चालू असले तर तुमच्या दोन बॅटऱ्या तासाभरात बसतात.

याची बेरीज मी अंदाजानं केली. ३ वॉर्मर २.१ किलोवॅट, थिएटरचं सामान दीड, दिवे-पंखे ३, फ्रिज अर्धा, सक्शन पाव, थिएटरचा एसी १.८, पंप १.१, बॅटऱ्यांचे चार्जर १.६, ऑटोक्लेव्ह ३. खोल्यांचे एसी आणि कपड्यांचं यंत्र सोडून हे सगळं एकदम चालू केलं तरी १५ किलोवॅटच्या आत. २५ केव्हीएचा जनरेटर २० किलोवॅट देतो. लिफ्ट नसेल तर तो पुरून उरतो. पंपाची मोटर सुरू होताना चालू करंटच्या सहापट ओढते, तेवढी जागाही त्यात आहे.

मग ६२.५ का नको? पैसा सोडा, तो तुमच्या कामाला अपायकारक आहे म्हणून. डिझेल इंजिन ३० टक्क्यांहून कमी भारावर तासन्‌तास चाललं की नीट तापत नाही, अर्धवट जळालेलं तेल सायलेन्सरमध्ये साचतं, काळा ओघळ येतो, इंजेक्टर खराब होतात. रात्री तुमचा भार साडेचार-पाच किलोवॅटचा. ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॅट, त्याला हे दहा टक्केच झाले. दोन उन्हाळ्यांत इंजिन उघडायची पाळी येईल. २५ लासुद्धा रात्री हा भार कमीच पडतो.

म्हणून जुना १० केव्हीए विकू नका. त्याची सर्व्हिसिंग करा, इंजेक्टर आणि फिल्टर बदला. दिवसा २५ चालेल, रात्री १० चालेल, आणि एक बंद पडला तर दुसरा हजर असेल. रात्री अचानक सिझेरियन आलं तरी पंप, ऑटोक्लेव्ह, बॅटऱ्यांचे चार्जर आणि एसी बंद ठेवून १० वर थिएटर निभतं. एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन लहान यंत्रांनी मला नेहमीच शांत झोप दिली आहे. २५ वर साधारण अर्ध्या भाराला तासाला ३ ते ४ लिटर डिझेल जातं. दिवसाचे आठ तास धरले तर ३० लिटरच्या आसपास. तीन दिवसांचं म्हणजे शंभर लिटर, झाकण असलेल्या डब्यात, जनरेटरपासून लांब. मोठ्या ब्लॅकआउटमध्ये पेट्रोल पंपांवरही रांगा लागतात.

आता एक रात्र सांगतो. २०१४ चा जून, शहरातलंच एक नर्सिंग होम, नाव घेत नाही. रात्री पावणेबाराला मला फोन आला. सिझेरियन चालू, लाइट गेलेली, जनरेटर सुरू होत नाही. जनरेटर नवा, लाइट गेली की तो आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोमॅटिक पॅनेलसकट, जेमतेम सहा महिन्यांचा. मी जवळच राहतो म्हणून दहा मिनिटांत पोचलो. यंत्र फक्त 'टक्, टक्' असा आवाज करत होतं, स्टार्टर फिरत नव्हता. टॉर्च मारली तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवं पीठ जमलेलं. पण ते मूळ कारण नव्हतं. पॅनेलशेजारी भिंतीवर एक सॉकेट होतं, त्यात जनरेटरच्या बॅटरीचा चार्जर लावलेला असायचा. त्याची पिन काढून खाली ठेवलेली, आणि सॉकेटमध्ये कोणाचा तरी मोबाइलचा चार्जर. कधीपासून, कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या अँब्युलन्सची बॅटरी काढली, दोन जाड वायरींनी जोडली, टर्मिनल कानशीनं खरवडलं, तेव्हा यंत्र उठलं. आत डॉक्टरांनी तोवर दोन मोबाइलच्या टॉर्चवर बाळ काढलं होतं. बाळ-आई दोघंही सुखरूप. बाहेर आल्यावर त्या डॉक्टरबाई पायरीवर बसल्या आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

लाखोंचं यंत्र आणि दीडशे रुपयांचं सॉकेट. तेव्हापासून मी कुठंही काम केलं तरी जनरेटरच्या बॅटरीचा चार्जर सॉकेटवर ठेवत नाही, वायर थेट पॅनेलमध्ये जोडतो. जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याची जितकी प्रकरणं मी पाहिली, त्यात सगळ्यात जास्त वेळा दोष या छोट्या बॅटरीचाच निघाला. इंजिनाकडे सगळे बघतात, तिच्याकडे कोणी बघत नाही. तीन वर्षं झाली की ती चालू असो वा नसो, बदला.

चेंजओव्हरबद्दल फार कडक सांगतो. जनरेटरची वीज आणि लाइनची वीज यांच्यामध्ये असा स्विच हवा की दोन्ही एकदम जोडता येणारच नाहीत, आणि न्यूट्रलही सोबत तुटेल, म्हणजे चार पोलचा. तुमच्याकडे दोन जनरेटर झाले की तिन्ही स्रोतांमध्ये ही अडवणूक हवी. कोणी 'आत्तापुरती' म्हणून दोन्ही टोकं एकत्र बांधून दिली तर जनरेटरची वीज उलटी डीपीकडे, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते, त्यातून ११ हजार व्होल्ट होऊन खांबावर पोचते. वर लाइन बंद आहे असं समजून लाइनमन हात घालतो. ही माणसं रात्री-अपरात्री आपल्यासाठीच वर चढतात. आपल्या घरातली चूक त्यांच्या जिवावर येऊ द्यायची नाही.

लाइट परत येण्याचा क्षणही जाण्याइतकाच धोक्याचा. सगळ्या वस्तीचे एसी, पंप एकदम उठतात, व्होल्टेज खालीवर होतं, कधी एखादा फेज येतच नाही, कधी दोन फेज अदलाबदल होऊन पंप उलटा फिरतो. न्यूट्रल तुटलेला असेल तर २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज येऊन मॉनिटर जळतात. म्हणून ऑटोमॅटिक पॅनेलला सांगून ठेवायचं की लाइट आली तरी तीन ते पाच मिनिटं थांब, व्होल्टेज स्थिर दिसलं की मगच पलटी मार. पंपाला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज नसला की मोटर बंद करणारं यंत्र. हे दोन्ही स्वस्तातलं काम आहे.

आणखी एक बारकावा, जो मी बऱ्याच ठिकाणी उशिरा पकडला. जनरेटर चालू असतो, दिवे लागलेले असतात, सगळे निर्धास्त. पण जनरेटरची वारंवारता भारासोबत थोडी हलते आणि हलक्या प्रतीचा यूपीएस ती वीज नाकारून आपल्या बॅटरीवरच चालत राहतो. अर्ध्या तासानं तो बंद पडतो, जनरेटर चालू असताना. जनरेटर लावला की यूपीएसच्या पुढच्या दिव्याकडे बघायची सवय सिस्टरना लावा. 'बॅटरीवर' दाखवत असेल तर मेकॅनिकला गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) बघायला सांगा.

सोलरचं. तुमच्या भाच्याचा विचार वाईट नाही, पण अर्धा आहे. बिल कमी करणारं जे नेहमीचं ग्रिडला जोडलेलं सोलर असतं, ते लाइट गेली की स्वतः बंद होतं, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. कारण तेच, लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव. कटौतीत वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट नसतानाही सोलर आणि बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी हवी. दिवसाच्या कटौतीत ते सोन्यासारखं काम करतं, कारण दुपारी बॅटरी उन्हानंच भरते आणि वर मांडलेलं परत भरण्याचं कोडं सुटतं. पण आधी जनरेटरची घडी बसवा, सोलर पुढच्या वर्षी.

आता विजेवाचून साठवण्याचं. पाणी, थंडावा, प्राणवायू या तिन्ही गोष्टी वीज असताना भरून ठेवता येतात. इंदूरचं पाणी जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून नर्मदेतून पंपांनी चढवून आणतात. तिकडे वीज गेली की इकडे नळ कोरडे, तुमच्या घरात लाइट असली तरी. छतावर दोन दिवसांचं पाणी असू द्या. टाकी भरली की खाली पाणी यायला वीज लागत नाही. लाइट आली की सगळ्यात आधी पंप, मग बाकी सगळं, हा नियम वॉचमनला पाठ असू द्या.

लसींचा फ्रिज साधा घरगुती असेल तर बदला. वरून उघडणारा, बर्फाच्या अस्तराचा आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर घ्या. त्याला चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंश सांभाळतो, फक्त कटौतीत झाकण उघडायचं नाही. इथं एक चूक फार जण करतात, आणि ती काळजीपोटी होते. लाइट गेली की घाबरून हेपॅटायटिस बी च्या कुप्या फ्रीझरच्या गोठलेल्या बर्फाला चिकटवून ठेवतात. ती लस गोठली की निकामी होते, आणि बऱ्याचदा बघून कळतही नाही. जन्मलेल्या बाळाला तुम्ही पहिल्या चोवीस तासांत देता तीच ही लस. बर्फाचा पॅक बाहेर काढून, आतलं पाणी हलवल्यावर खळखळेल इतका सुटू द्यायचा आणि मगच डब्यात ठेवायचा.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कॉन्सन्ट्रेटर विजेशिवाय बंद, म्हणून भरलेले बी टाइप सिलिंडर ठेवा. एकात साधारण दीड हजार लिटर असतो. मिनिटाला ५ लिटरनं पाच तास, नवजात बाळाला १ लिटरनं जवळपास पूर्ण दिवस. पायानं चालणारं सक्शन, हातानं दाबून श्वास देण्याची अँबू बॅग थिएटरात आणि लेबर रूममध्ये खुंटीला टांगलेली. आणि वॉर्मर बंद पडलाच तर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण, डोक्याला टोपी. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पण रात्रपाळीच्या नव्या सिस्टरला ते सुचेल का, हे बघा.

शेवटी सरावाचं. पाच मिनिटं रिकामा जनरेटर फिरवून 'चालतो' असं वहीत लिहितात, त्यातून काहीच कळत नाही. महिन्यातून एकदा, थिएटर रिकामं असताना, सकाळी अकराला स्वतः मेन पाडा. कोणाला आधी सांगू नका, फक्त भूलतज्ज्ञ आणि मोठ्या सिस्टर सोडून. घड्याळ लावा. किती सेकंदांत दिवे आले, यूपीएसनं पकडलं का, कोण कुठं धावलं, टॉर्च कुठं सापडली. मग अर्धा तास खऱ्या भारावर चालू ठेवा, त्याच वेळी ऑटोक्लेव्ह लावा म्हणजे इंजिनही नीट तापेल. पहिल्या सरावात तुम्हाला चार-पाच गोष्टी चुकलेल्या सापडतील. सगळीकडे सापडतात.

येत्या पंधरा दिवसांत एवढं करा. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्पमीटर घेऊन बोलवा, सकाळी दहाला, दुपारी तीनला आणि रात्री अकराला तिन्ही फेजचा करंट मोजून लिहून घ्या. लाइट कधी गेली, कधी आली याची वही ठेवा. ते आकडे मला पाठवा, मग २५ घ्यायचा की २० मध्ये भागेल ते नक्की सांगतो. आणि जुन्या जनरेटरची बॅटरी शेवटची कधी बदलली, तिचा चार्जर कुठं लावलेला आहे, ते आज संध्याकाळीच जाऊन बघा.